पायथ्याशी

तो आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो आणि शारजाहून दुबईला ऑफिसला मी त्याच्या गाडीतून जातो. ट्रॅफिक तुंबला की स्टिअरिंगवर बोटं वाजवत तो फिरून झालेल्या जागा मोजतो. "खोर फक्कान? खलास. जॉर्जिया? खलास." तिथे काय पाहिलं ते कधीच सांगत नाही.

परवा गाडी अडकल्यावर त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. "बघ हबीबी, जपान! डोंगरावरचं देऊळ, धबधबा, गरम पाण्याचे झरे, एका दिवसात सगळं खलास. आईलाही दाखवून आणलं."

पहिल्या फोटोत त्याची आई डोंगराच्या पायथ्याशी बाकावर बसली होती. साडीवर मुलाचं जॅकेट, मांडीवर दोन बॅगा, पायाशी तीन. पुढच्या फोटोत तो, बायको आणि दोन्ही मुली रोपवेच्या पाळण्यात हसत होते.

"रोपवे होता, तर आई खाली का?"

"अरे, मग बॅगा कोण सांभाळणार? आणि पहिल्या पायरीला हात लावला तिने. तेवढा नमस्कार पोचतो देवाला. आपल्याकडे म्हातारी माणसं करतातच की!"

मला उद्याही त्याच्याच गाडीने जायचं होतं. "हो, करतात," मी म्हणालो.

संध्याकाळी लिफ्टमध्ये त्याची आई भेटली.

"काकू, कसं वाटलं जपान?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं.

"छान आहे रे," त्या म्हणाल्या. "बसायला जागा आहे."