सर्व्हेत माझा दरारा

शहाणपण कोणी लक्षात ठेवत नाही. फजिती मात्र गाव जपून ठेवतं. माझ्या इतक्या साठल्यात की सापगावात टपरीवर गेलो की चहाआधी हसू येतं. लोकांनी मीठमसाला लावण्यापेक्षा मीच सांगतो.

शहरातून एक डॉक्टरबाई आल्या. दुखण्याच्या गोळ्यांची नशा कशी सोडवावी, जास्त घेऊन कोणी पडला तर कसा वाचवावा, हा त्यांचा अभ्यास. त्यासाठी गावात सर्व्हे करायचा होता, त्याच्या कमिटीत मला घेतलं. शिक्षण चौथी, पण दरारा मोठा!

माझा स्वार्थ एकच, पुतण्या संतोष. टेम्पो चालवतो. कसाऱ्याला गोळ्या जास्त झाल्या, ओठ निळे पडले, थोडक्यात वाचला. दरवेळी वाचेलच असं नाही. त्याला बाईंसमोर बसवायचं होतं.

*

पहिली सभा. समाजमंदिर भरलेलं. संतोषही मागं उभा. मी उठून विचारलं, "नशा कोण कोण करतो? हात वर!"

एकही हात हलला नाही.

"गावात नशा नाय. लिहून घ्या!" मी बाईंना म्हणालो.

"आबा, तुमच्यासमोर मीसुद्धा हात वर केला नसता."

संतोष तोवर सटकला होता.

*

मग ठरलं, एकेकाला आत बोलवायचं, गुपचूप विचारायचं. मी काठी घेऊन दाराशी राखणीला बसलो. माणसं येत, मला बघत, मागं फिरत. बाईंनी मला उचलून बोअरिंगपाशी बसवलं.

तिथून संतोष दिसला. मी ओरडलो, "ये रे संतोष, लाजू नको! नशेचं तिकडं विचारतात!"

सगळी आळी बाहेर आली. संतोष टेम्पो घेऊन थेट खर्डीला!

*

पुढं ट्रेनिंग. जमिनीवर रबरी बाहुला. तो गोळ्या खाऊन पडलाय असं समजायचं. हलवून बघा, श्वास बघा, नाकात औषधाचा फवारा मारा, ॲम्ब्युलन्स बोलवा.

माझी पाळी आली. मी बाहुल्याला धरलं. "ऊठ! बापाची इज्जत घालवलीस! हेच शिकलास?" बराच झापला.

बाई घड्याळ बघत होत्या. "आबा, तो मेला."

"कधी?"

"तुम्ही बोलत होतात तेव्हा."

सगळे हसले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

*

बाईंनी सर्व्हेचे प्रश्न बदलायला घेतले. आधी माझ्यावर तपासायचे होते, म्हणून घरी आल्या.

"नशा करता?"

"नाय!"

"एखादी गोळी?"

"गुडघ्याची. औषध ते."

"नाही मिळाली तर?"

"काय नाय होत."

आतून बायको म्हणाली, "काय नाय कसं? घाम फुटतो, अंग मोडतं, आमाला शिव्या! डॉक्टरांनी बंद केली तरी मागवतात!"

बाईंनी पेन ठेवलं. "आमचा प्रश्नच चुकत होता. 'नशा करता का' विचारलं की सगळेच नाही म्हणतात. आता 'नाही मिळाली तर काय होतं' असंच विचारायचं."

"म्हंजे माझी मदत झाली."

"झाली ना! आता मुरबाडला उपचाराला या."

*

मुरबाडला गेलो. दवाखान्याच्या बाकावर संतोष! एकटाच आलेला. मला बघून चप्पल पायात घालायला लागला.

"बस," मी म्हणालो.

बसला नाही. "काका, आज कोणाला पकडून आणलंत?"

"कोणाला नाय."

"मग?"

मी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं उलटसुलट करून बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग बाकावर टेकला, थोडा सरकला.

"बसा. पण नंबर माझ्यामागं हा, काका!"