मिरची मला कळते

माझे साडू धारवाडात वकील आहेत. वीस वर्षांपूर्वी एका लग्नात ते चारचौघांत म्हणाले होते, "यांना झुणका-भाकरी वाढा, बाकीचं यांना कळत नाही." ते मी विसरलेलो नाही. दुर्गदबैलाच्या बाजारात मी रस्त्यावर पोतं पसरून मिरची विकायचो, पुढे तिथेच स्वतःचं दुकान केलं. तरी त्यांच्या लेखी भाकरीवालाच राहिलो.

परवा मुलीने पहिल्या पगाराचं जेवण म्हणून आम्हा सगळ्यांना विद्यानगरच्या कोरियन हॉटेलात नेलं. बसल्याबसल्या साडूंनी वेटरला सांगितलं, "यांच्यासाठी दहीभात आण." माझं डोकं तापलं. समोर आंबवलेल्या कोबीची लालभडक बशी होती, ती मी पुढे ओढली.

"अप्पा, थोडंच घ्या," मुलगी म्हणाली.

पहिला घास नासल्यासारखा लागला. दुसऱ्याला मिरची कळली. मी आचाऱ्याला बोलावून घेतलं.

"मिरची गुंटूरची आहे. तिखट भरपूर, रंग कमी, म्हणून तू बीट घातलंस."

तो हसला. "कसं ओळखलंत, अण्णा?"

"तीस वर्षं मिरचीच चाखतोय. ब्याडगी मिरची घाल, तिला रंग भरपूर, बीट लागणार नाही."

मुलीने लगेच फोन काढून मैत्रिणीला हे सगळं कळवलं. साडूंनीही कोबी चाखला होता, त्यांच्या डोळ्यांतून मात्र एका घासातच पाणी वाहू लागलं होतं. दहीभात आला, तो मी त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो संपवला.

मी कोबीची बशी संपवली. मला तो काही आवडला नाही, पण ते साडूंना अजून सांगितलेलं नाही.