साठ मोजा, दोन मारा

नवापूरच्या मास्तरांनी मला फसवले. तळोद्यापासून शहाद्यापर्यंत बकऱ्यांच्या बाजारात मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असे मी मिशीला पीळ देऊन सांगत असे. तो माझ्या आधीच जन्मून, शाळेतून संगीतशिक्षक म्हणून निवृत्तही झाला होता, हे मला ठाऊक नव्हते.

पहिल्या भेटीत ते बकऱ्याचे दात न बघता पोटच चाचपू लागले. त्यांना बकरा नको होता, आतडे हवे होते. दोनशे वर्षांपूर्वीचे युरोपातले वाद्यवृंदाचे संगीत त्या काळच्याच वाद्यांवर वाजले पाहिजे, हा त्यांचा हट्ट. व्हायोलिनला पोलादी तार म्हणजे त्यांच्या लेखी भेसळ. तार आतड्याचीच हवी, तीही घरी धुऊन, पिळून, अंगणात ताणून वाळवलेली. त्यामुळे त्यांच्याकडे कावळे बारा महिने असत आणि शेजारी एकही फिरकत नसे. मे महिन्यात त्या तारा तटातट तुटत. तेव्हा मास्तर व्हायोलिन माठाशेजारी सावलीत निजवत आणि पाहुण्याला उन्हात बसवत. सूरही आजच्यापेक्षा खाली लावत, कारण तेव्हा तसाच लावत. "मास्तर, चर्चच्या पेटीशी जुळवून घ्या," असे पाळकांनी विनवले, तर म्हणाले, "पेटीलाच वर चढायची घाई झाली आहे."

मग त्यांनी कुठूनसे तांब्याचे दोन जुने नगारे आणले. कातडे माझ्याकडचे. ते ताणून झाल्यावर मी सहज काठी मारून पाहिली. मास्तरांनी मान तिरकी केली. "हात चांगला आहे तुमचा. एकच कार्यक्रम वाजवा. तोवर मी खरा वाजवणारा शोधतो."

मास्तरांनी जमवलेल्या वृंदात दोघे लग्नाच्या बँडमधले, बाकी नवापूरकडचे शेतकरी. मला हुकूम झाला: मनात साठ मोजायचे, इशारा झाला की दोन ठोके. माझे डोके फिरले.

"साठ मोजीसन दोनच? मन्हं कातडं शे, मास्तर! दहा तरी मारू द्या."

"दोन."

"पाच?"

"दोन."

"तीन! शेवटनं सांगस."

"भाऊ, ज्याने हे लिहिले तो कधीच गेला. त्याच्याशी घासाघीस कशी करणार?"

लोणखेड्याच्या कॉलेजात कार्यक्रम झाला, तिथे मी तिसरा मारलाच. मापावर मूठभर वर घालायची आमच्या बाजाराची रीत आहे. मास्तरांनी भर सभागृहात वृंद थांबवला, लोकांना नमस्कार केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा मी दोनच मारले. त्यानंतर जी शांतता पसरली, तसला अस्सल माल मी आजवर हाताळलेला नाही.

त्या 'एकाच' कार्यक्रमाला चार वर्षे झाली. दुसरा वाजवणारा कुठे आहे म्हणून विचारले की म्हणत, "शोधी ऱ्हायनू, भाऊ." तेवढीच अहिराणी ते माझ्याकडून शिकले.

यंदा कानांनी त्यांना दगा दिला आणि मुलगी त्यांना गुजरातेत आपल्या घरी घेऊन गेली. नगारे माझ्या ओसरीवर ठेवताना म्हणाले, "मी येईपर्यंत सूर उतरू देऊ नका." मी रोज सकाळी कातडे ताणतो आणि त्यांच्या त्या खालच्या सुराला लावतो. परवा तळोद्यात गिऱ्हाईक भाव सांगत होते आणि मी मनात मोजत होतो. एकोणसाठवर भानावर आलो, तोवर बकरा त्याने सांगितलेल्या भावात गेला होता.

तेव्हा मास्तर, जाब द्या. मोजायला मला तुम्ही बसवलेत. साठ केव्हाच झाले. काठ्या हातात आहेत. इशारा कोण करणार?