वजन उचलून औषध देणारे मामा

अख्ख्या मंठा तालुक्यात माणसाला किलोत बघणारा एकच इसम आहे, आणि तो म्हणजे माझे थोरले मामा. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. जंताचं औषध पाजताना मेंढी दोन्ही हातांनी उचलायची, वजनाचा अंदाज घ्यायचा आणि त्या मापानं पाजायचं, ही त्यांची रीत. ती त्यांनी बिनदिक्कत माणसांनाही लावली. कुणी तापानं कण्हत आलं की मामा त्याला काखेत हात घालून उचलणार, दोनदा हलवून खाली ठेवणार आणि किती गोळ्या घ्यायच्या ते सांगणार. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी असंच उचललं. तो बिचारा फक्त शिंकला होता.

मध्यंतरी मामांना उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, झोप येईना. गावातल्या डॉक्टरांनी झोपेची एक गोळी दिली. "एवढ्या मोठ्या गड्याला येवढीशी? काय चेष्टा करून राह्यले का?" म्हणत मामांनी दोन गिळल्या. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी ते उठेनात. जीप करून नवीन जालन्यातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. वाटेत मामीनं त्यांचा हात सोडला नाही आणि माझी तर पाचावर धारण बसली होती.

सोनोग्राफी झाली. यकृतात पाण्यानं भरलेली मोठी गाठ निघाली, कुत्र्यांकडून येणाऱ्या जंताची. मामा आपल्या कुत्र्याला घासातला घास देतात, हे तिथल्या डॉक्टरांनी कुणी न सांगताच ओळखलं. म्हणाले, "औषध मोडून बाहेर काढायचं काम यकृताचं. गाठीनं ते दबलंय, पित्ताची वाट अडलीय. म्हणून औषध रक्तातच रेंगाळतं. आता वजन बघून गोळी घ्यायची नाही."

तोवर जागे झालेले मामा म्हणाले, "म्हंजे वजन एडक्याचं आन् लिव्हर कोकराचं!" डॉक्टरसुद्धा हसले. मामी मात्र तोंडाला पदर लावून रडली.

आता ऑपरेशन ठरलंय. परवा भेटायला गेलो तेव्हा मामी गोळी मोडत होती. साऱ्या वस्तीला डोस सांगणारे मामा हात पुढे करून बसले होते.

"मला किती गं?"

"अर्धी."

"बराबर," म्हणाले आणि गिळून टाकली. त्यांनी भांडावं, ओरडावं असं मला फार वाटलं. पण मामा नुसते पाणी पीत राहिले.