पिवळ्या फ्रॉकच्या पट्ट्या

शिवणखान्यात तिला सगळे टाचणी म्हणायचे. ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं बेताचंच. मालकीण असलेल्या डिझायनर मॅडमच्या नावाने मिरवणाऱ्या निम्म्या कपड्यांची तुरपाई तिच्याच हातची.

तिची मुलगी चौथ्या वर्षी तापाने गेली. मागे एक पिवळा फ्रॉक राहिला. दर वाढदिवसाला टाचणी त्याच्या घेराला पट्टी जोडायची. शेजारणीची मुलगी त्या गेलेल्या लेकीच्याच वयाची. तिला दाराच्या चौकटीशी उभं करायचं आणि ती वर्षात जेवढी वाढली तेवढीच रुंद पट्टी लावायची. कधी दोन बोटं, कधी चांगली चार. अशा नऊ झाल्या. वेडेपणा म्हणा हवं तर, पण त्याच्याच जोरावर बाई तगली होती.

दहाव्या पट्टीला जुळतं कापड शोधायला ती फ्रॉक कामावर घेऊन गेली आणि तिथेच चुकली. मॅडमनी विचारलं, हिने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमचे डोळे भरून आले. पण बाई धंद्याची पक्की.

"मावशी, हा मला चार दिवस द्या. यावर अख्खं कलेक्शन उभं राहील. नाव 'उभारी'."

"परत द्याल ना? सोळा तारखेला वाढदिवस आहे तिचा."

"अहो, म्हणजे काय!"

शो दणक्यात झाला. पट्ट्यापट्ट्यांचे घेरदार झगे घालून उंच मुली चालल्या. मॅडम माइकवर म्हणाल्या, "दुःखातून सावरून नव्याने वाढलेल्या एका बाईची ही गोष्ट." टाळ्यांचा नुसता कडकडाट. सावरलेली बाई पडद्यामागे हुक लावत होती.

पंधरा तारखेला फ्रॉक परत आला, इस्त्री करून. कटिंग मास्तरांनी नमुना काढण्यासाठी तो पूर्ण उसवला होता आणि आपल्या हाताने पुन्हा शिवला होता.

"मावशी, पट्ट्या लहानमोठ्या होत्या. सगळ्या दोन-दोन बोटांच्या करून दिल्या बघा. उरलेलं कापून टाकलं," मास्तर कौतुकाने म्हणाले. एवढ्या मायेने केलेल्या कामावर ओरडायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी शेजारची मुलगी सवयीने चौकटीशी येऊन उभी राहिली, टाचा जुळवून. टाचणीने फ्रॉक तिच्या अंगाला लावून पाहिला. दोन बोटांचं वर्ष कुठलं, चार बोटांचं कुठलं, काही कळेना. सगळी वर्षं सारखीच.

"काकू, मोजा ना."

टाचणीने फ्रॉकची घडी घातली.

"जा बाळा तू. ती नाही वाढायची आता."