कुबडी आणि घागर

येरमाळ्याच्या रस्त्यावर ट्रकनं उडवल्यापासून शेजारचे काका कुबडी घेऊन चालत. प्लास्टर निघून वर्ष उलटलं, तरी मांडी चोळत म्हणायचे, "हाड अजून भरलं न्हाय, बाबा." दुष्काळात त्यांची घागर आम्हीच टँकरवरून भरून आणायचो. मला मात्र संशय होता. अंगणात कोंबड्या हाकलताना त्यांची कुबडी भिंतीलाच टेकलेली असे.

एक दिवस मी म्हणालो, "काका, आज तुमीच या रांगेत."

ते कुबडी टेकत आले. वळणावर टँकरचा हॉर्न वाजला आणि काका कुबडी टाकून तरण्या पोरासारखे पळाले, टँकरकडं पाठ करून, थेट घरात. आतून कडी लागली.

माझा संशय खरा निघाला. पाय कधीच बरा झाला होता. मी त्यांची घागर भरली आणि कुबडीसकट त्यांच्या दाराशी नेऊन ठेवली.