खंडेनवमीचे दगड

नवा माणूस भेटला की गणूतात्या नाव-गाव विचारायच्या आधी त्याच्या हातात दगड ठेवत. "धरा. नुसता धरा." माणूस बावचळून धरी. तळव्यात दोनदा फिरवल्यावर त्याचा अंगठा आपोआप एका खळगीत जाऊन बसे. तात्यांचा चेहरा खुले. "बघा! ही जागा कुणीतरी ठोकून करून ठेवली आहे. लोखंड ठाऊक नव्हतं तेव्हा!"

तात्या धार संस्थानात रस्त्यांचे ओव्हरसियर होते. मी त्याच कचेरीत कारकून, आणि त्यांचा शेजारी. मनावरकडे रस्त्याखालच्या मोऱ्यांची कामं निघाली की नदीकाठची दरड खणली जाई आणि तात्या मजुरांच्या मागे वाकून फिरत. मजूर विचारत, "साब, खडी में कई ढूंढो?" तात्या म्हणत, "थारा बाप का बाप का औजार, भिया!" सगळे हसत. कचेरीत तर तात्यांना दगडांचे डोहाळे लागलेत, असं उघड म्हणत, आणि खोटं कशाला सांगू, मीही हसत असे.

घरी त्यांनी तीन फळ्या मारल्या होत्या. सर्वांत खोल सापडलेले, दोन्हीकडून ओबडधोबड ठोकलेले मोठे दगड खाली. त्यावरच्या थरातले, नीट घडवलेले मधे. अगदी वर गारगोटीची बोटभर पाती. प्रत्येकावर बोरूने घातलेला शाईचा आकडा, आणि वहीत त्या आकड्यापुढे नाला, दरड, किती हात खोल. आकडा कोरून का घालत नाही, असं मी एकदा विचारलं. "त्यांच्या कामावर माझी टाकी नको," म्हणाले. आणि मग नेहमीचं वाक्य, "जागा हरवली की दगड मुका होतो, वासुदेवा."

अकरा वर्षं हे चाललं. शेवटी इंदूरच्या एका जाणत्या साहेबाने, चार पत्रं गेल्यावर, दिवाळीनंतर येऊन पाहतो असं कळवलं. तात्यांनी ते उत्तर मला तीनदा वाचून दाखवलं.

त्या वर्षी खंडेनवमीला तात्या मनावरच्या कामावर होते, दुपारपर्यंत येणार होते. घरी त्यांची वडील बहीण, विधवा आक्का. दरवर्षी ती भावाची मोजणीची साखळी आणि दुर्बीण पुसून पूजेला मांडी. यंदा मला म्हणाली, "गणू म्हणतो ना, ही माणसाची पहिली हत्यारं? मग यांची पूजा कोण करणार? बिचारी इतकी वर्षं पारोशी बसली आहेत."

मला ते फार पटलं. तात्यांचं म्हणणं कुणी खरं धरतंय, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. विहिरीचं पाणी मी काढलं. रिठ्याच्या पाण्यात काथ्याने एकेक दगड मीच घासला. आकडे जाताना दिसत होते. वहीत सगळं लिहिलेलं आहे की, असं मी मनाशी म्हटलं. कारकुनाची अक्कल! अंगणात वाळत घातले तेव्हा तिन्ही फळ्यांचे दगड एकमेकांत मिसळले.

तात्या आले तेव्हा पाटांवर हळदकुंकू लावलेले दगड झेंडूच्या फुलांत मांडलेले होते. "बघ कसे लखलखतायत," आक्का म्हणाली. तात्यांनी एक उचलला, उलटा केला. दुसरा उचलला. मग हातपाय धुऊन, सोवळं नेसून त्यांनी आरती म्हटली.

ओट्यावर आल्यावर मी म्हणालो, "तात्या, मी घासले."

"ठाऊक आहे. तुझ्या हातांना रिठ्याचा वास येतोय." मग म्हणाले, "आक्काने मानलं रे त्यांना. रागवू कुणावर?"

साहेबाला त्यांनी येऊ नका म्हणून कळवलं. त्यानंतर कुणाच्या हातात दगड दिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात कामाच्या तंबूतच तापाने गेले. माझ्यामुळे गेले असं कुणी म्हणत नाही, मी म्हणतो.

आक्काला अजून काही ठाऊक नाही. दर खंडेनवमीला ती हाक मारते, "वासुदेवा, पाणी काढ. गणूच्या हत्यारांना अंघोळ घालायची आहे." मी जातो. दगड हातात घेतला की अंगठा आपोआप खळगीत बसतो. तात्यांची वही मी शेजारी उघडी ठेवतो. नाला, दरड, किती हात खोल, सगळं तिच्यात नीट लिहिलेलं आहे. हातातला दगड त्यातला कुठला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.